आधी टाकी, मग पंप

मॉडेल विमानाचे इंजिन हवेत अडखळले की खाली उभ्या असलेल्या मंडळींचा पहिला संशय पंपावर जातो. पंप बसवलेला नसेल तर कार्बोरेटरच्या सुईवर. विमान उतरवले जाते, सुई अर्धा आटा इकडे किंवा तिकडे फिरवली जाते, इंजिन पुन्हा नीट आवाज देऊ लागते आणि दोष गेला असे सगळ्यांना वाटते. पुढच्या उड्डाणात तो परत येतो, बहुधा टाकी निम्मी झाल्यावर किंवा नाक वर उचलताना. या पुस्तिकेत इंधनपुरवठ्याच्या दोषांची जी मांडणी आहे तिच्या मुळाशी एकच म्हणणे आहे. बिघाड दिसतो इंजिनात, पण बहुतेक वेळा तो तयार होतो टाकीत किंवा टाकीतून निघणाऱ्या वीतभर नळीत. म्हणून शोध टाकीपासून सुरू व्हावा, इंधन ज्या दिशेने वाहते त्याच दिशेने पुढे सरकावा आणि पंपाचे स्क्रू सर्वांत शेवटी सुटावेत. हा क्रम निव्वळ सोयीचा नाही. त्यामागे इंधनाच्या वाहण्याचे साधे भौतिकशास्त्र आहे. ते समजले की दोषांची लांबलचक यादी पाठ करावी लागत नाही.

जामखेडसारख्या तालुक्याच्या गावातल्या वाचकाला हा विषय परका वाटेल, अशी शंका कोणी घेईल. मला ती पटत नाही. राष्ट्रीय छात्र सेनेच्या हवाई विभागात एअरोमॉडेलिंग हा प्रशिक्षणाचाच भाग आहे आणि वायुसैनिक शिबिरांत त्याच्या स्पर्धा होतात. जिल्ह्याच्या ठिकाणी, अहिल्यानगरला, संरक्षण संशोधन विभागाची वाहन संशोधन व विकास संस्था आहे. ‘निशांत’ या वैमानिकरहित विमानासाठी ५५ अश्वशक्तीचे व्हँकेल जातीचे देशी इंजिन घडवण्यात या संस्थेचा वाटा होता, आणि २००९ साली त्या इंजिनावर ‘निशांत’ उडाले. तिसरी गोष्ट सर्वांत जवळची. विहिरीवर डिझेल इंजिन चालवलेल्या माणसाला इंधनात शिरलेल्या हवेचा त्रास पुस्तकातून शिकावा लागत नाही. टाकी पूर्ण रिकामी होऊ दिली की पाइपात हवा जाते; मग कितीही हँडल मारले तरी इंजिन धरत नाही. फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, बुडबुडे थांबून डिझेलची अखंड धार लागेपर्यंत थांबायचे आणि मग स्क्रू आवळायचा, हे काम गावोगाव होते. मॉडेल विमानात हाच प्रश्न लहान मापात आणि फार वेगाने घडतो. शिवाय इथे टाकी जमिनीवर स्थिर नसते. ती वाकते, उलटते, थरथरते.

आधी मापे पाहू, कारण पुढचा सगळा युक्तिवाद त्यांवर उभा आहे. साडेसहा घनसेंटिमीटरचे दोन-स्ट्रोक ग्लो इंजिन पूर्ण वेगात मिनिटाला साधारण २५ मिलिलिटर इंधन घेते. ३०० मिलिलिटरची टाकी त्याला बाराएक मिनिटे पुरते. एवढ्याशा इंजिनाची ही भूक मिथेनॉलमुळे आहे. पेट्रोलच्या एका वजनी भागाला जळण्यासाठी सुमारे १४.७ भाग हवा लागते, मिथेनॉलला फक्त ६.४ भाग, म्हणजे तितक्याच हवेबरोबर मिथेनॉल दुपटीहून अधिक पुरवावे लागते. आता हेच इंजिन मिनिटाला १२,००० फेऱ्यांनी चालले आहे असे धरा. सेकंदाला २०० फेऱ्या झाल्या आणि त्यांच्यासाठी इंधन मिळाले ०.४ मिलिलिटर. नळीचे आतले तोंड २.४ मिलिमीटरचे असेल तर तिच्यातला एक सेंटिमीटर लांबीचा बुडबुडा म्हणजे वीस-बावीस फेऱ्या इंधनाविना. असे चार-पाच बुडबुडे लागोपाठ आले तर इंजिन थांबतेच. न थांबता तसेच चालत राहिले तरी नुकसान टळत नाही, कारण या इंजिनाला वंगणाची वेगळी सोय नसते. एरंडेल किंवा कृत्रिम तेल इंधनातच, बहुधा पाचव्या हिश्शाच्या आसपास, मिसळलेले असते. इंधन कमी पडले, म्हणजे मिश्रण ‘लीन’ झाले, की तेलही कमी पडते, तापमान चढते आणि पिस्टन व सिलिंडर एकमेकांना घासू लागतात. एका बुडबुड्याची किंमत अशी थेट धातूला मोजावी लागते. म्हणूनच टाकीच्या कामाला मी किरकोळ काम मानत नाही.

टाकीची रचना दिसायला अगदी सोपी आहे. प्लास्टिकची बाटली, तिच्या तोंडात रबरी बूच, बुचातून जाणाऱ्या दोन किंवा तीन पितळी नळ्या. त्यांपैकी एकीला आतून मऊ सिलिकॉनची नळी जोडलेली असते आणि तिच्या टोकाला एक वजन असते. त्याला क्लंक म्हणतात. विमान कसेही कलले तरी इंधन ज्या बाजूला जाईल त्या बाजूला हे वजन जावे आणि नळीचे तोंड इंधनात बुडालेले राहावे, एवढीच कल्पना. ती चालण्यासाठी आतली नळी मऊ हवी, क्लंक टाकीच्या मागच्या भिंतीला न टेकता काही मिलिमीटर अलीकडे राहायला हवा आणि टाकी हातात उलटीपालटी केली तर तो सर्व बाजूंना मोकळा फिरायला हवा. नळी जास्त लांब झाली तर क्लंक कोपऱ्यात अडकतो. आखूड झाली तर नाक वर असताना तळाचे इंधन त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. सर्वांत फसवा दोष आतल्या नळीला पडलेल्या बारीक छिद्राचा. पितळी नळीचे कापलेले टोक धारदार राहिले की ते सिलिकॉनला आतून कापत राहते. टाकी भरलेली असताना छिद्र इंधनाखाली असते, त्यामुळे काहीच कळत नाही. पातळी छिद्राच्या खाली गेली की नळी इंधनाऐवजी हवा ओढू लागते आणि तिसरा हिस्सा इंधन शिल्लक असताना इंजिन टाकी संपल्यासारखे वागते. रोज साधारण त्याच मिनिटाला बंद पडणाऱ्या इंजिनाची टाकी उघडून आधी ही नळी पाहावी. दुसरा असाच दोष नाकावर आदळलेल्या विमानात सापडतो. धक्क्याने क्लंक पुढे फेकला जातो, नळी दुमडते आणि तो तिथेच अडकून राहतो. जमिनीवर, विमान आडवे असताना, इंजिन उत्तम चालते. चढण घेताच इंधन मागे जाते, क्लंक पुढे उघडा पडतो आणि इंजिन थांबते. या दोन्ही प्रकारांत पंप बदलून किंवा सुई फिरवून काय साधणार? टाकी बाहेर काढावी, एक सोडून बाकी नळ्या बंद कराव्यात, टाकी पाण्यात बुडवून उरलेल्या नळीतून हलकी फुंकर मारावी. बूच किंवा टाकीचा सांधा गळत असेल तर बुडबुडे जागा दाखवतात. आतली नळी मात्र बाहेर काढून, ताणून, उजेडात धरूनच तपासावी लागते. या कामाला पैसे लागत नाहीत. तेवढा धीर मात्र लागतो.

टाकी चांगली असून भागत नाही. ती कुठे बसवली आहे याला तितकेच महत्त्व आहे. सर्वसाधारण नियम असा की टाकीची मध्यरेषा कार्बोरेटरच्या सुईच्या पातळीत किंवा तिच्याहून सहा ते दहा मिलिमीटर खाली असावी आणि टाकी इंजिनाच्या शक्य तितकी जवळ असावी. पहिल्या अटीचे कारण गिरकीत दिसते. विमान जोरात वर खेचले की त्याच्यावर आणि टाकीतल्या इंधनावर गुरुत्वाच्या तिप्पट-चौपट जोर येतो. टाकी सुईपेक्षा दोन सेंटिमीटर खाली असेल तर चौपट जोरात तो फरक आठ सेंटिमीटरचा असल्यासारखा वागतो. दुसऱ्या अटीचे कारण सरळ चढणीत कळते. टाकी २५ सेंटिमीटर मागे असेल, तर आडव्या उड्डाणात त्या अंतराने काही बिघडत नाही. नाक आकाशाकडे वळले की मात्र इंजिनाला तेवढ्या उंचीवर इंधन ओढावे लागते. दोरीने बांधून वर्तुळात फिरवायच्या विमानांत, ज्यांना कंट्रोल लाइन म्हणतात, हा परिणाम आणखी ठळक असतो. १८ मीटरच्या तारांवर सेकंदाला २५ मीटर वेगाने फिरणाऱ्या विमानात इंधन वर्तुळाच्या बाहेरच्या बाजूला गुरुत्वाच्या साधारण साडेतीनपट जोराने ढकलले जाते. म्हणून तिथली टाकी पाचरीच्या आकाराची करतात आणि इंधन घेणारी नळी बाहेरच्या टोकाला ठेवतात. हवा आत घेणारी नळी इंधन घेणाऱ्या तोंडाजवळच उघडण्याची युनिफ्लो नावाची पद्धतही याच गरजेतून आली. तिच्यामुळे टाकी भरलेली असो वा निम्मी, सुईपाशी येणारा दाब जवळजवळ सारखा राहतो. फक्त नळीची जागा बदलून दाबाचा एवढा मोठा प्रश्न सुटतो, हे मला या सगळ्या विषयातले सर्वांत सुंदर तंत्र वाटते.

हवेच्या वाटेकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. टाकीतून इंधन गेले की तितकी हवा आत यायला हवी. हवा आत आणणारी नळी चिकट एरंडेलाने बंद झाली तर टाकीत पोकळी तयार होते आणि मिनिटभरात इंजिन मरते. नळी सोडताच आत हवा शिरल्याचा आवाज आला आणि इंजिन लगेच पूर्ववत चालले, तर निदान झाले. बहुतेक ग्लो इंजिनांत ही नळी सायलेन्सरला जोडून थोडा दाब टाकीवर दिला जातो. मग सायलेन्सरचा बोल्ट सैल झाला, त्याचा निप्पल काजळीने बुजला किंवा नळी निसटली तरी लक्षण एकच दिसते: इंजिन लीन होते. उलट बाजूने, टाकी विमानाच्या सांगाड्याला थेट टेकलेली असेल किंवा पंखा समतोल नसेल तर थरथरीने इंधनाला फेस येतो आणि बुडबुडे टाकीतच बनतात. टाकीभोवती स्पंज ठेवतात तो यासाठी. तो कोंबून दाबून बसवला तर थरथर तशीच पुढे जाते आणि स्पंज असून नसल्यासारखा होतो.

आता पहिला आक्षेप. हा आक्षेप अनुभवी मंडळींचा आहे आणि त्यात तथ्यही आहे. त्यांचे म्हणणे असे की सुई कानाने लावायची असते. चांगला कान असलेला माणूस टाकीतले बारीकसारीक दोष सुईने सांभाळून घेतो. इंधनाची नळी क्षणभर चिमटीत धरून सोडायची: आवाज आधी चढून मग उतरला तर मिश्रण ‘रिच’ बाजूला आहे, थेट उतरला तर लीन. ही परीक्षा खरी आहे आणि पुढे या पुस्तिकेत ती सविस्तर दिली आहे. पण ती सांगते काय, हे नीट पाहायला हवे. या क्षणी, या स्थितीत, इंजिनापर्यंत किती इंधन पोहोचते आहे, एवढेच ती सांगते. सुई हा एक ठराविक मापाचा अडथळा आहे. तिच्यातून जाणारे इंधन तिच्या दोन बाजूंच्या दाबातल्या फरकावर अवलंबून असते. टाकीच्या दोषामुळे हा फरकच दर मिनिटाला बदलत असेल तर सुईची कोणतीही एक जागा सबंध उड्डाणाला योग्य ठरू शकत नाही. मग कान असलेला माणूस काय करतो? तो सुई जास्त उघडून ठेवतो, म्हणजे सर्वांत वाईट क्षणीही इंधन कमी पडू नये. उरलेला सगळा वेळ इंजिन रिच चालते, ताकद कमी मिळते, ग्लो प्लग भिजतो आणि इंधन वाया जाते. दोष तसाच राहतो, फक्त ऐकू येईनासा होतो. सुई लावण्याचे कौशल्य मोलाचे आहे. ते टाकी निर्दोष ठरल्यावर वापरावे, एवढेच माझे म्हणणे. आणि विमान हातात घट्ट धरून नाक सरळ वर करून पूर्ण वेगात दहा-पंधरा सेकंद इंजिन ऐकल्याशिवाय सुई लागली असे म्हणू नये.

पंपाला मी निर्दोष ठरवत नाही. तो बिघडतो, आणि त्याची कारणे ठराविक आहेत. ग्लो इंजिनांतले काही पंप इंजिनाच्या थरथरीवर चालतात, काही क्रँककेसमधल्या दाबाच्या ठोक्यांवर. पेट्रोल इंजिनांवरच्या वॉलब्रो जातीच्या कार्बोरेटरमध्ये पंप आतच असतो: एक पातळ पडदा, त्याच्या एका बाजूला क्रँककेसचे ठोके, दुसऱ्या बाजूला इंधन आणि दोन झडपा. एरंडेल सुकून झडप चिकटते, पडदा कडक होतो, ठोके आणणाऱ्या भोकावर गॅस्केट सरकते, आत जाण्याच्या वाटेवरची बारीक जाळी धुळीने भरते. पण या चारांतही जाळी बुजवणारी धूळ आली कुठून? टाकीतून किंवा इंधन भरण्याच्या डब्यातून. आणि पंप खरेच दोषी आहे का हे ठरवायला पंप उघडावा लागत नाही. नक्की चांगली असलेली दुसरी टाकी, नवी नळी आणि गाळलेले इंधन घ्यावे, टाकी सुईच्या पातळीला धरावी आणि तिच्यावर इंजिन चालवावे. ते नीट चालले तर दोष विमानातल्या टाकीत किंवा नळीत आहे. तीच लक्षणे राहिली तरच पंप, कार्बोरेटर, ग्लो प्लग किंवा क्रँककेसची गळती यांच्याकडे वळावे. या एका परीक्षेने शोधाचे क्षेत्र निम्मे होते. ती करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. टाकी, प्लग आणि सुई एकदम बदलून इंजिन चालू झाले तर काहीच शिकायला मिळाले नाही.

पंपावरचा आळ इतका पक्का का बसतो, याचेही कारण आहे. पंपाच्या पुढच्या, दाबाच्या बाजूला नळी फुटली तर इंधन थेंबथेंब बाहेर पडते आणि डोळ्यांना दिसते. मागच्या, ओढीच्या बाजूला तेवढेच छिद्र असले तर थेंब बाहेर येत नाही. हवा आत जाते. बाहेरून सगळे कोरडे, स्वच्छ. गळती नाही म्हणजे नळ्या ठीक, नळ्या ठीक म्हणजे पंप खराब, असा तर्क मग केला जातो. विहिरीवरची मोटर पाणी उचलेनाशी झाली तर जाणता शेतकरी आधी मोटर उघडत नाही. तो विहिरीतली पातळी पाहतो, फूटव्हॉल्व्ह पाहतो, ओढीच्या पाइपाचे सांधे पाहतो. तोच विवेक इथे हवा आहे. पंप बसवल्यावर तर ओढीच्या बाजूची काळजी वाढवावी लागते, कारण पंप जितका जोरात ओढतो तितका तो सैल सांध्यातून हवाही जोरात ओढतो. टाकीच्या दोषावर उपाय म्हणून पंप बसवणारे इथेच फसतात.

पेट्रोलवर चालणाऱ्या मोठ्या मॉडेलांबद्दल एक गोष्ट या जिल्ह्यात विशेष जोर देऊन सांगायला हवी. लोणीजवळ प्रवरानगरला १९५० च्या सुमारास आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि आज उसापासून इथेनॉल बनवणाऱ्या जिल्ह्यांत अहिल्यानगरची गणना होते. देशात आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते. शेतकऱ्याच्या दृष्टीने त्या धोरणाचे मोल काय, हा या पुस्तिकेचा विषय नाही. लहान इंजिनाच्या टाकीत मात्र त्याचे तीन परिणाम गृहीत धरून चालावे लागते. इथेनॉल हवेतला ओलावा शोषते. ओलावा मर्यादेपलीकडे गेला की पाणी आणि इथेनॉल वेगळे होऊन तळाशी बसतात, आणि क्लंक नेमका तळाशीच असतो. शिवाय काही जातींचे रबर आणि पडदे त्याने फुगतात किंवा कडक होतात. यात भर म्हणजे ग्लो इंधनासाठी बनवलेली सिलिकॉनची नळी आणि बूच मुळातच पेट्रोलला टिकत नाहीत. ती नळी फुगून मऊ होते आणि जोडावरून निसटते. पेट्रोलसाठी त्याच कामाची वेगळी नळी व वेगळे बूच घ्यावे, उड्डाणे संपली की टाकी रिकामी करावी आणि कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालवावे. उन्हाळ्यात आणखी एक अडचण येते. चाळिशीच्या जवळ तापमान गेले आणि बंद काउलखाली नळी गरम सिलिंडरला लागून गेली, की पेट्रोलमधले हलके घटक नळीतच वाफ होतात. तेव्हा पंपाला दोष देण्यापूर्वी नळीची वाट बदलून पाहावी.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे: एवढे शोधत बसण्यापेक्षा पंप किंवा संपूर्ण कार्बोरेटर बदलणे स्वस्त पडते. मोठ्या शहरात, जिथे सुटा भाग दुपारपर्यंत हातात येतो, तिथे हे काही वेळा खरे असेलही. जामखेडपासून जिल्ह्याचे ठिकाणच पाऊणशे किलोमीटरवर आहे आणि तिथेही या सामानाची रेलचेल नाही. भाग मागवायचा म्हणजे बहुधा टपालाची वाट पाहायची. त्यातही दोष टाकीत असेल तर नवा पंप बसवल्यावर तो तसाच राहणार. पण माझे खरे उत्तर याच गावच्या इतिहासात आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. खेड्यातल्या, अनेकदा शाळेचे तोंडही न पाहिलेल्या स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. बालकांचा अतिसार, कुपोषण, बाळंतपण, कुष्ठरोगाची पहिली खूण हे सारे त्या गावातच ओळखू लागल्या, आणि मीठ-साखरेच्या पाण्याने वाचू शकणाऱ्या मुलाला इस्पितळापर्यंत न्यायची वेळ टळू लागली. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरातून लोक ही पद्धत पाहायला इथे आले. माणसाचे आरोग्य आणि खेळण्यातले इंजिन यांची बरोबरी मी करत नाही. त्या कामाने एक गोष्ट मात्र सिद्ध केली. निदानाची विद्या नीट क्रमाने, कारणासह शिकवली तर ती ज्याला गरज आहे त्याच्या हातात जाते, आणि साधी कारणे आधी तपासण्याची शिस्त महागड्या उपायांची गरज पुष्कळ कमी करते. जिथे हे घडून गेले आहे, त्या तालुक्यात दहावीच्या मुलीला इंधनाच्या टाकीचे निदान जमणार नाही असे कोणी म्हणू नये.

तिसरा आक्षेप काळाचा आहे. विमाने आता विजेवर उडतात, ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेतून बचतगटांच्या स्त्रिया फवारणीचे ड्रोन चालवतात. मग मिथेनॉल आणि क्लंक कशाला? नव्याने सुरुवात करणाऱ्याने विजेवरचे विमान घ्यावे, हे मला मान्य आहे. ते स्वच्छ, सुरक्षित आणि सोपे आहे. पण ऊर्जेचा हिशेब अजून इंधनाच्या बाजूने आहे. एक किलो लिथियम पॉलिमर बॅटरीत साधारण १५० ते २०० वॅट-तास ऊर्जा मावते, एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे १२,०००. लहान इंजिन त्यातला बहुतांश भाग उष्णतेत घालवते, हे धरूनही दहावा हिस्सा कामी आला तरी तो बॅटरीच्या सहापट भरतो. तासन् तास हवेत राहायच्या वैमानिकरहित विमानांना म्हणूनच इंजिन लागते, आणि म्हणूनच जिल्ह्याच्या ठिकाणच्या त्या प्रयोगशाळेत तशी इंजिने घडवण्याचे काम झाले. तिथल्या अभियंत्यालाही टाकी कललेली असताना इंधन कुठे जाईल हा प्रश्न सोडवावाच लागतो. शिवाय फवारणीचा पेट्रोल पंप, गवत कापायचे यंत्र, करवत यांच्यावर आजही पडद्याचेच कार्बोरेटर आणि टाकीत लोंबणारी, टोकाला वजन असलेली नळीच असते. मॉडेल विमानावर शिकलेला मुलगा गावातली ही यंत्रे दुसऱ्याच दिवशी दुरुस्त करू शकतो. या विद्येची एवढी जवळची उपयुक्तता दुसऱ्या छंदांत मला दिसत नाही.

पुढील प्रकरणांचा क्रम या प्रस्तावनेतल्या म्हणण्याप्रमाणेच आहे: टाकी, हवेची वाट, नळ्या, गाळणी, मग सुई आणि अखेरीस पंप. वाचकाने मधूनच पंपाचे प्रकरण उघडू नये, अशी विनंती आहे.

एक गोष्ट मात्र कोणत्याही प्रकरणाआधी. ग्लो इंधनातले मिथेनॉल हे विष आहे. २०१५ साली मुंबईत मालवणीला शंभराहून अधिक माणसे याच द्रव्याने मेली. ते थोडेसे पोटात गेले तरी दृष्टी जाऊ शकते, कातडीतूनही ते शरीरात जाते, आणि त्याची ज्योत भर उन्हात डोळ्यांना दिसत नाही. त्याची विक्री आणि साठवण परवान्याने नियंत्रित आहे, ती त्याच वाटेने व्हावी. टाकी फुंकून तपासायची ती रिकामी करून, धुऊन, वाळवून. नळीला तोंड लावून इंधन कधीही ओढू नये. इंधनाचा डबा कुलपात ठेवावा, त्यावर मराठीत ठळक अक्षरांत ‘विष’ असे लिहावे, आणि ते पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत कोणत्याही कारणाने भरू नये. शाळा-महाविद्यालयांतल्या शिक्षकांनी हा नियम पहिल्या दिवशी मुलांकडून पाळून घ्यावा आणि मगच टाकी त्यांच्या हातात द्यावी.